कोटाला टाचलेलं वाक्य

तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करतेय, त्यामुळे चुरगळलेलं काहीही दिसलं की माझं डोकं फिरतं. आणि काउंटरवर मिळाली कोण, तर आमची हिरॉईन! हे नाव मीच ठेवलेलं. नाट्यशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहाटे सहाला आवाजाचा वर्ग, आठ ते अकरा आमचं काउंटर, साडेअकरापासून दिवे लागेपर्यंत तालीम. जेवतेस कधी, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "बसमध्ये, काकू." झोप मात्र आमच्याकडे काढायची, टांगलेल्या कोटांच्या रांगेत उभ्याउभ्या. एका गिऱ्हाईकाने तर आपला कोट समजून तिचीच बाही ओढली होती.

आमच्याकडे प्रत्येक कपड्याला आतून नंबराची चिठ्ठी पिनने टाचतात. हिरॉईनने तशाच चिठ्ठ्यांवर आपले संवाद लिहून घेतले होते, एका चिठ्ठीवर एक, आणि त्या ॲप्रनला टाचून फिरायची. नंबर लिहिता लिहिता मान खाली घालून पाठांतर.

त्या महिन्यात एका वाक्यावर तिचं गाडं अडलं. परीक्षेच्या नाटकात ती सोडून गेलेल्या नवऱ्याला दारातच सुनावते: "परत येऊ नकोस. तुझ्या खुंटीला आता मी माझी छत्री अडकवते." तिचे सर म्हणत, खोटं वाटतं. मंगळवारपर्यंत खरं वाटलं नाही, तर भूमिका दुसऱ्या मुलीला. झालं! हिने ते वाक्य ओरडून म्हटलं, रडून म्हटलं, दातओठ खाऊन म्हटलं. एकदा इतकं भेसूर हसून म्हटलं की माझ्या हातून एक कॉलर करपता करपता वाचली.

"अगं, काम कर नाहीतर नाटक कर, एक काय ते कर!" मी खेकसले.

तिचं तोंड एवढंसं झालं. "काम सोडलं तर फी कुठून भरू, काकू? आणि नाटक सोडलं तर मग राहिलं काय?"

मला माझाच राग आला.

मंगळवारी दहाच्या सुमाराला आमच्या नेहमीच्या एक बाई आल्या. नवऱ्याचा राखाडी कोट दोनच दिवसांपूर्वी नेला होता, तो त्यांनी काउंटरवर ठेवला, अस्तराची पिन काढली आणि चिठ्ठी वाचली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. किराण्याची यादी वाचावी तशी वाचली. "परत येऊ नकोस. तुझ्या खुंटीला आता मी माझी छत्री अडकवते." मग कागदाची नीट घडी घातली.

"यांची खुंटी कुणाच्या घरी आहे, ते मला कळायला हवं," त्या म्हणाल्या. "कोट तुम्ही धुतलात. खिशात आणखी काही सापडलं होतं का?"

माझी इस्त्री हातातच राहिली. हिरॉईन पांढरीफटक. तिने ॲप्रन पुढे ओढून सगळ्या चिठ्ठ्या दाखवल्या, नाटकाचं सांगितलं, कान पकडले. "नंबरासोबत हीपण टाचली गेली हो!" बाईंनी एकेक चिठ्ठी वाचली, अक्षर ताडून पाहिलं, आणि मटकन स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले.

"दोन दिवस घास उतरला नाही घशाखाली," म्हणाल्या. "त्यांना विचारायचाही धीर झाला नाही."

आता माफी मागून गप्प बसावं की नाही? ही बया म्हणते, "मॅडम, एकदा परत म्हणाल? मघाशी म्हटलंत तसंच?"

मी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र खरंच दोनदा प्रयत्न केला. "नाही गं जमत," त्या म्हणाल्या. "आता मला माहीत आहे ना, ते कुणी लिहिलंय."

अकराला हिरॉईन गेली ती ओठ घट्ट मिटून. वाक्य एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दारात दिसताच मी विचारलं, "काय म्हणाले सर?"

"काहीच नाही. म्हणाले, पुढचं पान काढा."

मला इतका आनंद झाला की तिला कोटांच्या रांगेत तासभर झोपू दिलं आणि काउंटर मीच सांभाळलं.

प्रयोगाला बाई आणि त्यांचे साहेब माझ्या शेजारीच बसले होते. साहेबांच्या अंगात तोच राखाडी कोट, सकाळीच माझ्या हाताखालून गेलेला. ते वाक्य आलं. हळू, घडी घातल्यासारखं. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंनी साहेबांची बाही मुठीत धरली आणि नाटक संपेपर्यंत सोडली नाही. पार चुरगळली. मी काही बोलले नाही.