रत्नमालाबाईंची पाटी

रत्नमालाबाई मला कधीच आवडल्या नाहीत. आजही आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

पडेगावच्या रस्त्याला आमची कॉन्व्हेंट शाळा आहे. आयर्लंडहून आलेल्या सिस्टरांनी ती काढली, पुढं त्या एकेक करून परत गेल्या. त्यांच्या मागं शिस्त उरली आणि ती सांभाळायला रत्नमालाबाई उरल्या. इस्त्रीची पांढरी साडी, गळ्यात क्रूस, तोंडात अखंड इंग्रजी. मी तिथं मराठी शिकवते. माझा तास संपला की मुली दारातच गप्प होतात, कारण बाहेर पाटी असते.

पाटी म्हणजे तळहाताएवढी लाकडी फळी, दोरीत ओवलेली. शाळेत जी मुलगी इंग्रजी सोडून बोलेल तिच्या गळ्यात ती पडते. दुसरी कुणी तशी बोलताना सापडली की तिच्या गळ्यात घालायची, मगच आपली सुटका. शेवटच्या घंटेला जिच्याकडं असेल तिनं प्रार्थनेच्या ओट्यावर तासभर उभं राहायचं. मैत्रिणी मैत्रिणींच्या मागं कान लावून फिरतात. एकदा आठवीतली महेजबीन पोट धरून रडत आली, "मिस, पेट में बहोत दर्द होरा." बाईंनी आधी पाटी घातली, मग औषध दिलं. मी भांडले, तर म्हणाल्या, "अमृता, मराठीनं तुमचं काय भलं केलं?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

त्या स्वतः गंगापूरकडच्या खेड्यातल्या, ख्रिस्ती घरच्या. दहाव्या वर्षी इथल्या वसतिगृहात आल्या. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं नोकरी झाली आणि या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. त्यांची एकच इच्छा होती आणि ती अख्ख्या स्टाफरूमला पाठ झाली होती. शाळेच्या सोहळ्याला सिस्टर नोरा आयर्लंडहून येणार होत्या, बाई इथं शिकत होत्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या तोंडून एकदा शाब्बास ऐकायचं, बस्स. त्यासाठी या बाईनं शेकडो पोरी रडवल्या. मला चीड यायची ती याचीच.

सिस्टर नोरा आल्या. शहाऐंशी वर्षांच्या, काठी टेकत, गोड हसत. सभागृहात सगळ्यांसमोर रत्नमालाबाई तबक घेऊन पुढं झाल्या. तबकात मखमलीवर ती पाटी होती, नवं पॉलिश केलेली. "सिस्टर, ही तुमची पाटी. एक दिवससुद्धा बंद पडू दिली नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

सिस्टरांनी पाटी उचलली आणि त्यांचं हसू मावळलं. "हे अजून चालतं इथं? माझ्या पणजीच्या गळ्यात अशीच काठी बांधायचे, आमची आयरिश बोलली म्हणून. आमच्याकडं आता कुणी याचं नाव काढलं तरी लाज वाटते." मग बाईंकडं बघून म्हणाल्या, "एवढा दुष्टपणा तुला शिकवला कुणी?"

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग बाईंनी तबक खाली ठेवलं.

त्यांच्या तोंडून इंग्रजी आलंच नाही. आलं ते गंगापूरचं. "तुम्हीच बांधली व्हती की माझ्या गळ्यात! दहा वर्साची व्हते मी. लई भूक लागली, एवढंच म्हणले, तर दिसभर बांधून ठिवली."

मी पहिल्याच रांगेत होते. सिस्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, ती काय म्हणते? मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं, मुद्दाम मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. भुकेचंही सांगितलं.

 सिस्टर म्हणाल्या, मला असं काही आठवत नाही.

हे इंग्रजी मात्र रत्नमालाबाईंना कुणी मराठीत समजावून सांगावं लागलं नाही.