मवालेह ते मिसफा: चार स्कूटर आणि दिलीपदादांची उजवी बाजू

सुरुवात इटलीपासून झाली. माझा नवरा नितीन जेवताना फोनवर तिथल्या स्कूटर सहलींचे व्हिडिओ बघत बसायचा. द्राक्षांचे मळे, टेकडीवरची दगडी गावं, रांगेनं चाललेल्या रंगीत स्कूटर. "आपण जाऊ या" असं त्यानं चौथ्यांदा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, व्हिसा, विमान आणि तिथल्या खोल्यांचं भाडं जमेपर्यंत आपल्या हातात काठ्या येतील. टेकडीवरची दगडी गावं आपण राहतो त्या ओमानातही आहेत, द्राक्षांच्या जागी खजूर धर. २०१६च्या हिवाळ्यात इथल्या राष्ट्रीय दिनाला जोडून सुट्टी आली आणि बेत पक्का झाला. तेलाचे भाव पडले होते, आमच्या सोहार औद्योगिक वसाहतीत दर महिन्याला कोणी ना कोणी सामान बांधत होतं. तीन दिवस तरी तो विषय नको, असं सगळ्यांनाच झालं होतं.

या मार्गाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून रस्ता, खाणं, राहणं सगळं लिहिते. पण ही मजेची पोस्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते. नुसती माहिती हवी असेल त्यांनी मधलं सोडून वाचलं तरी मला राग नाही.

आम्ही चौघं होतो. नितीन, मी, रफिकभाई आणि दिलीपदादा. रफिकभाई रत्नागिरीकडचे, मस्कतजवळ अल अमेरातला त्यांचं गॅरेज आहे. डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर दुरुस्त करता करता त्यांच्याकडे स्वतःच्या चार-पाच जमल्या आहेत. दिलीपदादा गुहागरजवळचे, पन्नाशी ओलांडलेले, ओमानात बावीस वर्षं. मी ज्या कारखान्यात काम करते तिथे ते कामगारांची बस चालवायचे. त्या बसगाड्यांचं वेळापत्रक मी लावते. कुठली बस, कुठला ड्रायव्हर, कुठल्या कॅम्पवरून किती वाजता निघायचं, हे माझं काम. ऑफिसात मी त्यांना ड्यूटी द्यायची आणि ऑफिसबाहेर ते मला दम द्यायचे. मी लग्न होऊन सोहारला आले तेव्हा सुरमई कुठे ताजी मिळते इथपासून ते अर्बाबशी, म्हणजे आमच्या ओमानी मालकाशी, किती आणि कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. मुलीच्या जन्माच्या वेळी नितीन साइटवर अडकला होता, तेव्हा मला हॉस्पिटलात त्यांनीच पोचवलं. मला सख्खा भाऊ नाही आणि त्यांच्यामुळे तो कधी आठवलाही नाही.

आता माहिती. इथे राहणाऱ्यांना दुचाकीचं ओमानी लायसन्स लागतं, आपलं भारतातलं चालत नाही. सव्वाशे सीसीची स्कूटर हायवेवर नेणं म्हणजे जीव टांगणीला लावणं आहे, कारण शेजारून गाड्या एकशेवीसच्या वेगानं जातात. जिथे जुना रस्ता मिळेल तिथे तो धरा. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, पाणी माणशी तीन बाटल्या. मी पुणेरी पद्धतीनं ओढणी तोंडाला गुंडाळली होती. पहिल्याच पेट्रोल पंपावर एका ओमानी काकांनी मला आदरानं सलाम केला आणि नितीनकडे दयेनं पाहिलं.

रफिकभाईंनी स्कूटर पिकअपमधून मस्कतच्या अल मवालेह भागातल्या भाजी मार्केटपाशी आणून ठेवल्या होत्या, आम्ही तिघं सोहारहून तिथे पोचलो. तिथेच केळी, संत्री घेतली, चहा-पराठा खाल्ला आणि गुरुवारी सकाळी निघालो. सगळ्यात पुढे दिलीपदादा. इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, दुसऱ्या कोणाचं नाव निघणंच शक्य नव्हतं. गटानं चालवायची एक रीत असते. पुढचा आपल्या लेनच्या डावीकडून, दुसरा थोडा मागे उजवीकडून, तिसरा परत डावीकडून. पुढच्याला खड्डा किंवा दगड दिसला की तो हातानं किंवा पायानं खूण करतो आणि ती खूण मागे जाते. मी दुसरी होते, म्हणजे कायम दादांच्या उजव्या मागच्या अंगाला.

फंजापर्यंत मला काही जाणवलं नाही. समाईलच्या पुढे डोंगर जवळ येतात. काळपट, उघडे, गवताचं पातं नसलेले. त्यांच्या पायथ्याला एकदम खजुरांची हिरवी पट्टी लागते आणि डोळे निवतात. तिथे माझ्या लक्षात आलं की दादा डावीकडचा प्रत्येक दगड दाखवतात आणि उजवीकडचा एकही दाखवत नाहीत. एकदा फाटलेल्या टायरचा मोठा तुकडा मी ऐनवेळी चुकवला. चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "दादा, झोप झाली नाही वाटतं?" त्यांनी खिशातून छोटी बाटली काढून डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाले, "धूळ किती आहे बघ ना."

बिरकत अल मोझला हायवे सोडून गावात शिरा, हे मी अजूनही सांगीन. जुनी मातीची पडकी घरं, खजुराच्या सावलीत केळीची बाग आणि फलज, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट. वर जबल अख्दरला जायचा विचार करू नका, चौकीवरून फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या वर सोडतात. आम्ही बागेच्या कडेच्या गल्लीतून सावकाश चाललो होतो. उजवीकडच्या बोळातून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सायकलवरून बाहेर आला. अचानक नव्हे. मला तो बराच आधी दिसला होता. मी हॉर्न वाजवला. दादांनी ब्रेक लावला नाही, हँडल वळवलं नाही, मानसुद्धा हलवली नाही. मुलानं त्यांना चुकवायला सायकल पाटाच्या दगडी कठड्यावर घातली आणि तो पडला. दादा तसेच पुढे निघून गेले.

त्याचं कोपर आणि हनुवटी फुटली होती, बाकी तो धड होता. मी ओढणी सोडून त्याच्या कोपराला बांधली. त्याचे आजोबा घरातून धावत आले. रफिकभाई अरबीत माफी मागत होते आणि आजोबा हात हलवत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माफी मुश्किल, माफी मुश्किल." म्हणजे काही बिघडलं नाही. वरून त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून खजूर आणि काहवा, त्यांची वेलदोड्याची कॉफी, दिली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. 

तेवढ्यात दादा परत आले. मागे कोणी नाही हे पुढे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"काय झालं? पंक्चर?"

रफिकभाई त्यांच्याकडे बघत राहिले. "तो पोरगा तुझ्या उजव्या अंगानं आला. दिसला नाय तुला?"

"कुठला पोरगा?" दादा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा मला इतकी वर्षं ओळखीचा आहे. मला आमची बस आठवली. दर पहाटे अंधारात त्यांच्या मागे चाळीसेक माणसं पेंगत बसलेली असतात, आणि त्यांना तिथे बसवणारी मी आहे.

निझवाला सुट्टीत खोल्या मिळत नाहीत, आधी ठरवून जा. आम्हाला बाजारापासून लांब एक रेस्ट हाऊस मिळालं, स्वच्छ होतं. शुक्रवारी सकाळी लवकर बकऱ्यांचा बाजार बघायलाच हवा. गोल ओट्याभोवती विकणारे बकऱ्या घेऊन फिरतात, बघणारे बसून आणि उभे राहून भाव ओरडतात, पांढऱ्या दिशदाशा, म्हणजे ओमानी पायघोळ झगे, धूळ, नुसता गलका. मागे निझवा किल्ल्याचा तो प्रचंड गोल बुरूज. मी यातलं काहीही धड पाहिलं नाही. दादा कडेला उभे होते, उजवीकडून येणारी माणसं त्यांना घासून जात होती आणि ते प्रत्येक वेळी दचकत होते. मी काहव्याचा कप घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि गालापासून वीतभर लांब तो तसाच धरून ठेवला. त्यांना पत्ता नव्हता. मी हात हळूहळू पुढे आणत गेले. जवळजवळ नाकासमोर कप आला तेव्हा ते हसले.

"अगो, तू कधी आलीस?"

मी म्हटलं, आत्ताच. एखाद्याला न सांगता अशी परीक्षा घेणं फार वाईट असतं. मला स्वतःची किळस आली, आणि तरी ती घेतली नसती तर मी त्यांच्याशी बोलू शकले नसते.

तिथून अल हमरा आणि वर मिसफा. रस्ता चांगला आहे, शेवटचा चढ वळणांचा. दादांना पुढे जाऊ न देता मी पुढे झाले, आणि ते काही बोलले नाहीत, यावरूनच मला कळलं की त्यांना कळलंय. मिसफा म्हणजे नितीनचं इटली. कड्याला चिकटलेली दगडी घरं, त्यांच्या मधून अरुंद पायऱ्या, खाली पायरीपायरीच्या बागा आणि सगळीकडून झुळझुळणारं फलजचं पाणी. गावात खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, लोकांच्या दारांत कॅमेरे खुपसू नका. नितीन आणि रफिकभाई खाली बागेत गेले. दादांना पायऱ्या नको होत्या. आम्ही पाटाच्या काठावर बसलो.

"डोळ्यांना काय झालंय, दादा?"

"धूळ..."

"दादा."

ते पाण्यात हात घालून बसले. मग म्हणाले, "मे महिन्यात गावी गेलो तेव्हा चिपळूणच्या डॉक्टरनं सांगितलं. काचबिंदू. उजवीकडची कडेची नजर गेली, ती परत यायची नाय. समोरचं सगळं दिसतं मला. लायसन्सच्या वेळी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली मी. खोटं नाय बोललो कुठे."

"बस चालवताना?"

"मान फिरवून बघतो."

"काल फिरवली होती?"

त्यांनी पाण्यातून हात काढून पँटला पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या प्रसादचं फार्मसीचं दुसरं वर्ष चाललंय. अजून दोन वर्षं काढायची आहेत मला. गाड्या तू लावतेस. पहाटेची काढ, दुपारची दे, सरळ रस्त्याची. कोणाला कळायचं नाय."

खरंच कळलं नसतं. दोन नावांची अदलाबदल, तीही माझ्याच हातानं. मला ते करायचं होतं. मी मनातल्या मनात कुठली बस द्यायची हेसुद्धा ठरवलं होतं. आणि मग मला माझी ओढणी त्या पोराच्या कोपरावर दिसायला लागली.

"दुपारी रस्त्यावर मुलं नसतात का, दादा?"

ते उठायला लागले. मी त्यांची बाही धरली.

"रविवारी मॅनेजरला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन."

"तू सांगशील?"

"हो."

"मग तूच सांग," ते म्हणाले. "माझ्या तोंडून नाय व्हायचं ते."

नितीनशी माझं कडाक्याचं भांडण झालं. "तू डॉक्टर आहेस का? तपासणी पास झालाय तो माणूस," तो म्हणाला. मी म्हटलं, उद्या आपली पोरगी त्या बसमध्ये बसव. त्यावर त्यानं वाद सोडला, पण पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. रफिकभाईंना काही राग नव्हता, नुसता इलाज नव्हता. "माझ्या गॅरेजात बसवला असता मी तेला," ते म्हणाले. "पण कंपनी रिलीज, दुसरीकडे लागायची परवानगी, देत नाय. आणि रिलीज नसलं की दोन वर्षं ओमानात परत पाय टाकता येत नाय. तवर खलास."

शनिवारी दादांची स्कूटर निझवाला रफिकभाईंच्या ओळखीच्या दुकानात ठेवली आणि ते माझ्या मागे बसले. बावीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांना नेत होता, त्याला मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे हे सुचत नव्हतं. इझकी, समाईल, फंजा, तोच रस्ता उलटा.  प्रत्येक राउंडअबाउट आला की त्यांचा उजवा पाय फूटरेस्टवर जोरात दाबला जायचा, ब्रेक शोधत. स्कूटर दर वेळी जराशी हलायची. मी हेल्मेटच्या आत रडत चालवत होते, आणि काच वर करून डोळे पुसायची सोय नव्हती.

रविवारी मी मॅनेजरला मेल पाठवली. कंपनीनं त्यांना मस्कतला नजरेच्या तपासणीला पाठवलं, ती वेगळी असते, त्यात कडेचं किती दिसतं ते मोजतात. अहवाल आला. एरवी स्टोअरमध्ये किंवा गेटवर कुठेतरी बसवलं असतं, पण त्या वर्षी कंपन्या माणसं कमी करायला निमित्तच शोधत होत्या. मी दोनदा विनंती केली, अर्बाबच्या दारातही जाऊन उभी राहिले. तो नुसतं इन्शाल्ला, देवाची मर्जी, म्हणाला. महिन्याभरात दादांचं तिकीट निघालं. ऑफिसात सह्या करायला आले तेव्हा सगळ्यांशी हात मिळवले, मला "जपून राहा" म्हणाले आणि गेले.

या वाटेनं जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तीन दिवस पुरतात, चौघांत खर्च इटलीच्या विमानाच्या एका तिकिटाहून कमी येतो. मिसफा बघाच. सगळ्यात पुढे कोण चालवतंय त्याला दोन्ही बाजूंचं दिसतंय ना, हे निघायच्या आधी बघा.

दादांच्या जागी आलेला ड्रायव्हर चांगला आहे. बसमधल्या माणसांना काही माहीत नाही. जुना ड्रायव्हर का गेला, असं एकानं मला विचारलं, मी म्हटलं, गावी गेला. दर पंधरा दिवसांनी मी गुहागरला फोन करते. फोन दादांची बायको, सुनंदावहिनीच उचलतात. उरलेली नजर टिकावी म्हणून डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, प्रसादनं कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली, हे सगळं त्या शांतपणे सांगतात. दादा आहेत का, म्हटलं की म्हणतात, "आहेत. इथेच बसलेत." आणि फोन त्यांच्या हातात देत नाहीत, कारण ते घेत नाहीत. मागच्या वेळी मी विचारलं, वहिनी, मी चुकले का? त्या म्हणाल्या, "नाही गं, चुकली नाहीस तू. पण आता सारखा फोन करू नकोस. तुझा आवाज आला की ते जेवत नाहीत."