गुन्वोरच्या यादीत नसलेला देश

गुन्वोर आमच्या फॅक्टरीत तीस वर्षं कॉड मासा कापायची. सुरी आणि जीभ, दोन्ही धारदार. निवृत्त झाल्यावर ती बेटावरच्या प्रार्थनाघराची मालकीणच झाली. दर गुरुवारी तिथे कॉफी, वॅफल आणि एक परका देश. भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवायचं आणि तिथल्या लोकांत श्रद्धेची जागृती यावी म्हणून देवाच्या मागे लागायचं. सगळे देश अक्षरांच्या क्रमानं. आपला नॉर्वे तेवढा यादीत नाही. "यादी आपली, आपण कशाला त्यात?" ती म्हणे.

माणसं मात्र चारच उरली. प्रार्थनाघराचा अध्यक्ष आस्बयर्न कंटाळला.

"ईस्टरपर्यंत दहा डोकी दिसली नाहीत तर घर विकणार. शहरातल्या एकाला सुट्टीसाठी हवंय."

"परकी राष्ट्रं उजेडाकडे चालत येतील, यशया संदेष्टा सांगून गेलाय," गुन्वोर म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी ये. बघ."

माझ्या युनियनमधले एरिट्रियाचे सोळा कामगार तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत दाटीवाटीनं प्रार्थना करत. गावचा हॉल मागितला की तिथले शहाणे म्हणत, अर्ज करा. कसला डोंबलाचा अर्ज! गुरुवारी सोळाच्या सोळा जणांना घेऊन मी थेट प्रार्थनाघरात शिरलो.

गुन्वोर हरखली. वॅफलचं पीठ पुन्हा भिजवलं. पाहुणे उभ्यानं दीड तास गायले, कॉफी थंडगार. मग अबरहेत नावाच्या बाईनं पिशवीतून कागद काढला. त्यांचीही यादी होती! "आज नॉर्वे," म्हणत तिनं डोळे मिटले. "प्रभू, या झोपलेल्या राष्ट्राला जागं कर!"

"झोपलंय कोण?" गुन्वोर कडाडली.

"तुम्हीच, आई. तिकडे होतो तेव्हापासून तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

"अगं, आम्ही जगभर मिशनरी पाठवले!"

"पाठवलेत ना. आणि मग झोपलात."

गुन्वोर लालबुंद. यांना दार दाखवावं तर घर जातंय, ठेवावं तर नॉर्वे परक्या देशांत जमा. आस्बयर्न पेन्सिलीनं डोकी मोजत होता. मी काही प्रार्थनेतला नव्हे, मला सोडून वीस भरली.

"पण ही माणसं आपली धरायची का?" तो पुटपुटला.

तिथे गुन्वोर पेटली. दंडाला धरून तिनं त्याला मधल्या खुर्चीत बसवलं.

"अबरहेत, अख्खा देश एका गुरुवारात उठायचा नाही. याच्यापासून सुरू कर. घर विकायला निघालेला हाच!"

सोळा जण त्याच्याभोवती जमले. हात टकलावर, खांद्यांवर, आवाज छपराला. वीस मिनिटं झाली तरी कुणी थांबेना.

"नाही विकत!" आस्बयर्न ओरडला. "आता तरी सोडा!"

"आधी आमेन म्हण," गुन्वोर म्हणाली.