बॅटरी बघावी की आवाज

आता माझ्या गाढवपणाची गोष्ट ऐकाच. हसू आलं तर हसा, मला राग नाही. बाबा आता नाहीत, त्यामुळे त्यांना विचारायचा प्रश्नच उरला नाही. आणि विचारलं असतं तरी त्यांनी नुसती मान हलवून 'हो हो' म्हटलं असतं. त्या 'हो हो' नेच तर माझी वाट लावली.

मुळात मला तुलना करायचा आजार आहे. साधी चप्पल घ्यायची तरी मी बोरीवली पूर्व-पश्चिम दोन्ही पालथी घालतो आणि शेवटी जुनीच शिवून आणतो. आमच्याकडे फ्रिज येईपर्यंत कंपनीने ते मॉडेल बनवायचं बंद केलं होतं. असा माणूस मी.

तर बाबांच्या किडन्या गेल्या आणि डायलिसिस मागे लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. मी अंधेरीच्या ऑफिसात हातापाया पडून दुपारची ड्यूटी मागून घेतली आणि सकाळी बाबांना रिक्षात घालून सेंटरला न्यायला लागलो. तिथे ओळीने बेड, प्रत्येकाशेजारी एक मशीन, आणि सगळ्यांवर आमच्या वैशाली सिस्टर. बाई प्रेमळ, पण नियम म्हणजे नियम. त्यांच्यासारखाच बरोबरच्या माणसानेही तोंडाला मास्क लावायचा, तो चार तास काढायचा नाही.

सुरुवातीला मी खूप बोलायचो. चार तास म्हणजे काय कमी झाले? ऑफिसातल्या भानगडी, सोसायटीची मीटिंग, काय वाट्टेल ते. बाबा आपले 'हो हो'. एकदा विचारलं, "बाबा, पाय दुखतायत?"

"हो हो."

मी सिस्टरना बोलावलं. त्यांनी पाय दाबले, सूज बघितली, बीपी घेतलं. काही नाही.

"काका, पाय दुखत नाहीत ना?"

"हो हो."

सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच पेशंट आहे. दोन-चार वेळा असं झाल्यावर मी गप्प बसायला लागलो. घरी हा माणूस आईशी नीट बोलतो, जेवताना माझ्याशीही बोलतो, आणि इथे शेजारी बसलो की नुसती मान. मला वाटलं, कंटाळले आपल्याला. खोटं कशाला बोलू, मला लागलं ते.

मग डोक्यात आलं, आपण बोलून पिडण्यापेक्षा यांना इअरबड्स घेऊन देऊ. भजनं ऐकतील, दशावतारातली गाणी ऐकतील, वेळ जाईल. झालं. आजार उफाळला.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. शेवटी दोन जोड्या उरल्या. एकीचा आवाज असा, की पखवाजावरची थाप पोटात वाजावी, पण बॅटरी साडेतीन तास. दुसरीचा आवाज बरा म्हणण्यासारखा, पण बॅटरी सहा तास. आता सांगा, चार तासांच्या डायलिसिसला साडेतीन तासांची बॅटरी घेऊन माणूस काय करणार? शेवटचा अर्धा तास हाताला सुया आणि कानात शांतता. त्या अर्ध्या तासाची मला इतकी काळजी लागली, की ऑफिसातल्या जिग्नेशला मी रोज जेवताना तेच विचारायचो. बॅटरी बघू की आवाज?

तो वैतागला. "अरे यार, त्यांनाच विचार ना. कान त्यांचे आहेत."

मला हे सुचलंच नव्हतं. दोन्ही जोड्या परत करायच्या बोलीवर घरी आणल्या. बाबांना खुर्चीत बसवलं, पहिली जोडी कानात घातली, भजन लावलं. समोर उभा राहून विचारलं, "कसं वाटतं?"

"झकास."

दुसरी घातली. "आणि हे?"

"झकास."

नंतर बघतो तर दुसऱ्या जोडीला गाणं लावायचं मी विसरलोच होतो. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, बिचाऱ्यांचा स्वभावच तसा, कशालाच नाव ठेवणार नाहीत. पुन्हा बसवून अख्खं भजन ऐकवलं. पुन्हा झकास. आई मोरीत भांडी घासत होती, ती नुसती बघत राहिली. मग मी बॅटरीवाली ठेवली आणि त्यांच्या मोबाइलवर भजनं भरून दिली.

आणि काय सांगू, बाबांना ती इतकी आवडली. सेंटरला पोचलो, सुया टोचून झाल्या, की स्वतःच्या हाताने डबी उघडायची, दोन्ही कानांत घालायची आणि डोळे मिटायचे. मोकळ्या हाताची बोटं छातीवर हळूहळू वाजायची. मी शेजारी बसून आपला मोबाइल बघायचो. त्यांच्या भजनात व्यत्यय नको म्हणून खोकलासुद्धा दाबायचो. असे चार महिने गेले.

आणि बॅटरी? तिचं तर मला नवलच वाटायला लागलं. डबीवर चार हिरवे दिवे होते. पहिल्या आठवड्यानंतर चारही हिरवे. तीन आठवड्यांनी बघतो तर त्यातला एक कुठे विझलेला. म्हटलं, मानलं पाहिजे आपल्याला. तीन आठवडे उगाच नाही घालवले.

मग मी गावभर सांगत सुटलो. पाच स्टार देऊन लांबलचक अभिप्राय लिहिला. शेजारच्या बेडवरच्या काकूंच्या सुनेला घ्यायला लावले. जिग्नेशला तर इतकं पिडलं, की त्याने सुटका म्हणून घेतले. आठ दिवसांत तो माझ्या टेबलापाशी आला.

"पाच तासांत मरतात रे हे."

"तू चार्जिंग नीट करत नाहीस."

"चार्जिंगमध्ये नीट काय करायचं असतं?"

मी त्याला अर्धा तास चार्जिंगवर भाषण दिलं. पिन पुसून घे, रात्रभर ठेवू नकोस, उशाशी ठेवू नकोस. दुसऱ्या आठवड्यात काकूंची सून तेच म्हणाली. तिलाही ऐकवलं. वर म्हटलं, माझ्या पंचाहत्तरीच्या बापाला जमतं आणि तुम्हाला जमत नाही? शेवटी जिग्नेश म्हणाला, "चल दुकानात. तुझा पीस आण. एकदा निकाल लावू."

एका बुधवारी मी बाबांची डबी खिशात घालून निघालो. अंधेरीच्या त्या दुकानात मी छाती काढून उभा. दुकानदाराने डबी आपल्या मोबाइलला जोडली, काहीतरी उघडलं आणि बघत बसला.

"साहेब, हे कोण वापरतं?"

"माझे वडील. एका दिवसाआड चार तास. चार महिने झाले."

"नाही हो. यात दिसतं ना, एकूण किती वाजले ते." त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "अकरा मिनिटं."

जिग्नेश आधी फस्सकन हसला. मग माझं तोंड बघून गप्प झाला. अकरा मिनिटं म्हणजे घरी खुर्चीत बसवून मी घेतलेली परीक्षा. त्यानंतर एक सेकंदही नाही.

ऑफिसात न जाता मी तसाच घरी आलो. बाबा आत झोपले होते. आई खिडकीपाशी कोळंबी सोलत बसली होती.

"आई, बाबा ते कानात घालतात, पण लावत का नाहीत?"

आमची आई मालवणीच बोलते, आणि नेहमी वाडी जागी होईल इतक्या मोठ्याने. त्या दिवशी हळू बोलली.

"लावन काय उपयोग? तेंका ऐकाक येना नाय. गिरणीत साच्यांवर पंधरा वर्सां काढली. कान थयच गेले."

साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असायचे, हे मला माहीत होतं. पुढचा विचार मी कधी केलाच नव्हता.

"मग आपल्याशी बोलतात कसे?"

"तोंडाकडे बघून. साचे चालू असताना थय आवाज कोणाचो पोचतलो? सगळे होटांवरसून बोलत. तेंका ती सवय." मग तिने कोळंबी खाली ठेवली. "आणि तू बापाशीच्या समोर तोंडार फडको बांधून बसतंस."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तेंचो हुकूम. गिरण बंद पडली, वॉचमनची नोकरी लागली. भैरो वॉचमन कोण ठेवतलो? मगे नोकरी सुटली तरी ती लाज काय सुटली नाय."

"मग कानात घालतात तरी कशाला?"

"तू इतको खपून आणलंस म्हणान. आणि कानात ता असला की तू काय विचारनस नाय. उत्तर देवचा लागना नाय."

बेचाळीस वर्षं मी त्या घरात राहिलो. फोन वाजला की बाबा तो आईकडे द्यायचे. टीव्हीवर बातम्या, त्याही खाली सरकणाऱ्या पट्टीवर वाचायच्या. मी लहानपणापासून समजत होतो की बाबा शांत आहेत आणि आई तोंडाळ आहे. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून रडलो. नळ कशाला सोडला, तेही कळत नाही. बाबांना थोडंच ऐकू जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सेंटरला गेल्या गेल्या मी मास्क खाली ओढला. सिस्टर धावत आल्या.

"मास्क."

"सिस्टर, त्यांना ऐकू येत नाही. माझं तोंड दिसलं तरच कळतं."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "नियम मी मोडणार नाही. काचेच्या पलीकडे जा. तिथून बोला."

बाबांच्या बेडसमोर मोठी काच होती, पलीकडे बाहेरची मोकळी वाट. मी तिथे उभा राहिलो, मास्क काढला आणि हात हलवला. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मग शांतपणे दोन्ही इअरबड्स काढले, डबीत ठेवले, झाकण लावलं.

मी बोलायला लागलो. माफ करा म्हटलं. जिग्नेशचा सगळा प्रकार सांगितला, अकरा मिनिटांपर्यंत. बाबा इतके हसले, की हात हलला आणि मशीन ओरडायला लागलं. सिस्टरनी मला काचेतूनच दटावलं. माझ्या मागे रिपोर्टसाठी थांबलेली माणसं बघत होती, एक बाई तर मला म्हणाली, "अहो, आत ऐकू जात नाही." मी म्हटलं, "माहितीय."

मग बाबा बोलायला लागले. आवाज न काढता, नुसते ओठ. साच्यांवर बोलायचे तसेच असावेत. भराभर, मधे बोटांनी काहीतरी दाखवत. मी त्यांना आयुष्यात इतकं बोलताना बघितलं नव्हतं. आणि मला एक अक्षर कळलं नाही.

थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. भुवया वर करून. काहीतरी विचारलं होतं.

मी काय केलं? मान हलवली. हो हो.

बाबांनी डोळे मिटले. चेहरा असा निवांत झाला, की पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. रिक्षात मात्र त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलंच. "बाबा, काचेतून मला काय विचारलंत?"

"तू व्हय म्हटलंस मां? मगे झाला." आणि बाहेर बघायला लागले.

म्हटलं, शनिवारी विचारू. शुक्रवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

आता तुम्हीच सांगा, मी कशाला 'हो' म्हटलं? मला झोप लागेना. गावच्या घराची कौलं गळतात असं ते म्हणायचे, ती बदलून आलो. तंबाखू सोडली. भाऊकाकांशी नऊ वर्षं अबोला होता, त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले काय रे, मी म्हटलं काही नाही, चहा प्यायला आलो. ताईला गणपतीत चार दिवस माहेरी आणलं. जे जे त्यांच्या मनात असेल असं वाटतं, ते एकेक करत सुटलोय.

परवा आई म्हणाली, "कित्याक इतको जीव काढतंस? जेवलंस काय, इतक्याच विचारल्यानी असतला."

असेलही. पण त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.