घरच्या माणसाचं माप

आमचे हे छावणीच्या दवाखान्यात टेप धरतात. कोणी विचारलं तर छाती फुगवून ‘शरीरमापन विभाग’ असं सांगतात. विभागात एक वजनकाटा, एक टेप आणि हे. जवान पाठीमागे ह्यांना इंचबुवा म्हणतात. बरोबरच म्हणतात.

काम काय, तर एखाद्या जवानाचं वजन जास्त भरलं की त्याची मान आणि कंबर मोजायची, आणि त्यावरून अंगात चरबी किती ते काढायचं. कंबर मोठी, मान बारीक, की गेलास कामातून. तीच मान जाड असली की तोच माणूस एकदम सडसडीत! कोणा शहाण्यानं हे गणित काढलं देव जाणे. तपासणी जवळ आली की अख्खी छावणी डोक्यामागे टॉवेल ताणून मानेचे व्यायाम करते. पळायचं सोडून मुंड्या हलवत बसतात मेले.

आणि ह्यांचा रुबाब काय वर्णावा! ह्यांचं पोट दारातून आधी आत येतं, मागून हे. पण हे पडले नागरी नोकर, ह्यांना नियम लागू नाही. घरी माझ्याच कमरेला टेप लावून मला शिकवणार, "अगं, श्वास सोड. सोडल्यावरच माप घ्यायचं असतं. तीनदा घ्यायचं, सरासरी काढायची." नियम सगळे तोंडपाठ. मोठ्या साहेबांची कंबर असली की मात्र "सोडा साहेब, अजून थोडा सोडा," करत आकडा बसेपर्यंत मोजत राहतात.

माझा धाकटा भाऊ ह्याच छावणीत जवान. पाठीवर ओझं घेऊन टेकडी चढण्यात पहिला, पण हाडापेरानं रुंद आणि मान लांब, बारीक. दोनदा मापात बसला नव्हता. तिसऱ्यांदा बसला नाही तर नोकरी गेली, आणि पदरी तान्हं लेकरू. मी ह्यांना एवढंच म्हटलं होतं, "सवलत नको, पण नीट मोजा."

संध्याकाळी हे आले ते मिशीत हसत.

"नापास केला," म्हणाले. "मेहुणा म्हणून गय केली नाही."

"तीनदा मोजलंत?"

"एकदाच! घरच्या माणसाला तीन-तीन संधी दिल्या तर लोक काय म्हणतील? श्वाससुद्धा सोडू दिला नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अहो, मग तसं लिहून द्या ना! पुन्हा मोजतील त्याला. त्याचं एकट्याचं कोण ऐकणार?"

"मी चुकलो असं लिहून देऊ? मी?" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पुढे साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांची पाठ थोपटली, निःपक्षपाती माणूस म्हणून. ह्यांनी ती थोपटून घेतली.

धाकट्याला काढलं. गावी जायच्या आधी तो आमच्याकडे जेवायला आला. ताटात नुसती बोटं फिरवत होता. हे त्याला म्हणतात कसे, "वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी जरा मान कमव." आता पुढची वेळ कुठली, डोंबलाची? पण माझा भाऊ गुणी. "हो, भावोजी," म्हणाला आणि पेटी उचलून निघाला.

तेव्हापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते. जेवा. किल्ली घ्या. दिवा घालवा. परवा हे शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकानं सांगत होते, आमच्या घरात आता शिस्त आली आहे म्हणून.