गाडी सरांचं ऐकत नाही

गाडी माझं ऐकते आणि सरांचं ऐकत नाही, हे मला गणपतीच्या आधीच कळलं होतं.

सर म्हणजे माझे यजमान. महाडच्या शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं, त्यामुळे अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, आणि चारचौघांत मीही सरच म्हणते. घरात अहो. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने आम्ही विजेवर चालणारी गाडी घेतली. तिच्यात बसल्या जागी नुसतं बोलायचं, की एसी लागतो, काच खाली होते, पुण्याला मुलाला फोन जातो. सरांना गाडीतलं तेवढंच मनापासून आवडलं होतं. स्क्रीनवरची बारीक चित्रं दाबणं त्यांना जमेना. बोट भलतीकडेच पडायचं आणि एसीऐवजी गाणी लागायची. "बोलून काम होतंय तर बोटं कशाला घालायची," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

पण बोलून काम होईना. सर स्टिअरिंगवरचं बटण दाबायचे, टुंग असा आवाज व्हायचा, सर म्हणायचे, "एसी सुरू कर." गाडी गप्प. मग ती गोड आवाजात म्हणायची, "माफ करा, मला काही ऐकू आलं नाही." सर पुन्हा सांगायचे, ती पुन्हा माफी मागायची. इतकी माफी या घरात मी सून म्हणून आल्यापासून मागितली नसेल.

एका सकाळी सर दूध आणायला गेले असताना मी अंगणात जाऊन गाडीत बसले. बटण दाबलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, एसी सुरू कर. लागला. काच खाली कर म्हटलं, झाली. मी सगळं होतं तसं करून ठेवलं आणि आत येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहूनच गेल्या. कारण गेले काही महिने मीही सरांच्या जवळ सरकून बसत होते, टीव्हीचा आवाज कमी करत होते, ओठ बघून शब्दांचा अंदाज बांधत होते. वय झालं, चालायचंच, असं मनाशी म्हणत होते. पण गाडीला कुठे कोणाचं वय माहीत होतं? दोष गाडीत नसेल, तर तो सरांमध्ये होता. तो काय असेल, इथवर विचार आला की मी दुसऱ्या कामाला लागायची.

मी वीरेश्वराला जाऊन नारळ ठेवला. लोक नवी गाडी नीट चालावी म्हणून ठेवतात, मी ती बिघडलेली निघावी म्हणून ठेवला. देवाला सुद्धा हे मागणं नवीन असेल.

सरांनी मात्र गाडीचा बिघाड गणितासारखा सोडवायला घेतला. एक एक कारण धरायचं आणि खोडायचं. आधी त्यांना वाटलं नेटवर्क नाही, म्हणून भर बाजारात टॉवरखाली गाडी उभी करून बघितली. मग पंख्याचा आवाज आड येतो म्हणून पंखा बंद, काचा बंद, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही दोघं आत बसून भाजून निघालो. मग मोबाइल आणि गाडी एकमेकांत गुंततात म्हणून मोबाइल घरी ठेवून पोलादपूरपर्यंत जाऊन आलो. मराठी बदलून हिंदी केली, हिंदी बदलून इंग्रजी. सगळं पुसून गाडी पहिल्या दिवशीसारखी कोरी केली, त्यात मुलाचा नंबरही गेला. छतातल्या दिव्याजवळ माईकची बारीक भोकं असतात, ती त्यांनी जुन्या टूथब्रशने साफ केली. हात आखडल्यासारखा झाला होता, ब्रश खाली पडायचा, मी उचलून द्यायची. प्रत्येक उपायानंतर सर माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता ऐकेल." ती ऐकायची नाही. दर वेळी सरांचा चेहरा जरासा आत गेल्यासारखा व्हायचा, आणि मला गाडीच्या काचा फोडाव्याशा वाटायच्या.

शेवटी गाडीतच बसून त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून मुलगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज येत नाहीये. थोडं मोठ्याने बोलाल का?" सर मोठ्याने बोलले, म्हणजे त्यांच्या मते. तिने पुन्हा तेच विचारलं. "यांची लाईन खराब आहे," म्हणत सरांनी फोन माझ्या हातात दिला. ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, गाडीशी तुम्ही बोलून बघा. दुसऱ्याचा आवाज घेते का बघू."

सर माझ्याकडे टक लावून बघत होते. मी बटण दाबलं आणि देवळात शेजारणीच्या कानात बोलावं तशी पुटपुटले, एसी सुरू कर. गाडीने माफी मागितली.

"बघ," सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी सांगत नव्हतो? तुझंही ऐकत नाही." त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

गावाचं सांगायचं तर गावाने सरांना कधी कळूच दिलं नाही. बाजारातले निम्मे दुकानदार त्यांच्या हाताखालून गेलेले. सर काउंटरसमोर उभे राहून काही म्हणाले की दुकानदार पुढे वाकायचा, "हो सर, हो सर" करायचा, आणि सर वळले की हळूच मला विचारायचा, "काकू, काय म्हणाले सर?" मी यादी सांगायची. सरांना 'मोठ्याने बोला' म्हणायची कोणाची छाती होती? ते वाक्य सरांनीच जन्मभर पोरांना ऐकवलेलं. मैदानाच्या टोकाला पळत असलेलं पोर यांच्या एका हाकेत जागच्या जागी थांबायचं. आदराने गाव मान डोलवत राहिलं, आणि घरात मी. गाडीला तेवढी सरांची भीती नव्हती.

दिवाळीनंतर कंपनीचा माणूस गाडी बघायला घरी आला. चाळिशीचा असेल, पोलादपूरकडच्या खेड्यातला. आल्या आल्या सरांच्या पाया पडला, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी. गाडीत बसला, बोलला, गाडीने सगळं केलं. मग सर बसले, बोलले, गाडीने काही केलं नाही. तो दाराशी वाकून उभा होता, त्याने एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "सर, सॉफ्टवेअर जुना हाय," तो म्हणाला, "नवीन टाकतो."

सर हात धुवायला आत गेल्यावर तो मला म्हणाला, "काकू, गाडीला काय नाय झाला."

"माईक गेला असेल," मी म्हटलं.

"माईक चांगला हाय. सरांचाच आवाज..." तो थांबला. "डाक्टरला दाखवलाव का?"

"तुम्ही नवीन माईक बसवा."

"बसवून काय उपेग नाय, काकू."

"बसवा म्हणते ना."

मी चिडून बोलले त्याला, बिचाऱ्याला. पुढच्या खेपेला त्याने निमूटपणे नवीन माईक आणून बसवला. सर दिवसभर खुशीत होते, नवी वस्तू पाव्हण्याला दाखवावी तसा त्यांनी शेजाऱ्याला तो माईक दाखवला. संध्याकाळी सरांनी बटण दाबलं. नवीन माईकने जुन्याच शब्दांत माफी मागितली. सरांचा अंगठा बटणावरच राहिला.

हात आणि खांदा आखडतो म्हणून माझ्या नणंदेने सांगितलं, सवला जा, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बस. आमच्याकडे अंग धरलं की सवचं पाणी, दुसरं औषध नाही. आम्ही आडवारी गेलो, भर दुपारी. माणूसबिणूस कोणी नव्हतं. सर पुरुषांच्या कुंडाकडे गेले आणि मी भिंतीच्या अलीकडे सावलीत पिशवी सांभाळत बसले. वाफ येत होती, कावळे ओरडत होते, मला डुलकी सुद्धा लागली नव्हती. बरा वेळ झाला. मग गावातला एक शेतकरी अंघोळीला म्हणून आत गेला आणि तसाच धावत बाहेर आला.

"काकी, या आत. सर पायरीला धरून हायत, उठवत नाय त्यांना. कवाधरनं हाका मारतायत म्हनतात. तुमाला आयकू नाय आला?"

आम्ही दोघांनी त्यांना वर घेतलं. मी त्यांना टॉवेल गुंडाळला. छातीपर्यंत पाण्यात, एका हाताने पायरी धरून, ते इतका वेळ मला हाका मारत होते आणि मी भिंतीपलीकडे हातभर अंतरावर बसले होते.

मी काही वर्षांपूर्वी हट्टाने गाडी शिकून घेतली होती, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. सरांना शेजारी बसवून मी निघाले. वाटेत ते माझ्याकडे वळून म्हणाले, "केवढ्याने ओरडत होतो मी. कान तपासून घे तुझे."

मग माझा बांध फुटला. "माझे कान ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "तुमचा आवाज येत नाही. गाडीला येत नाही, दुकानदाराला येत नाही, फोनवरच्या त्या मुलीला येत नव्हता. गाडी पहिल्यापासून चांगली आहे. ती माझं ऐकते."

सर समोर बघत म्हणाले, "त्या दिवशी तर तुझंही ऐकलं नव्हतं."

"मी मुद्दाम हळू बोलले होते."

"आणि तो नवीन माईक?"

"मीच बसवायला लावला."

ते रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. "आजवर तू मला काही म्हणजे काही बोलायचं ठेवलं नाहीस," सर म्हणाले. "शर्टाची गुंडी चुकली तरी गावभर ऐकवलंस. हेच कसं ठेवलंस?"

"मला वाटत होतं, गाडीच बिघडलेली असावी," मी म्हटलं.

महाडच्या आमच्या डॉक्टरांनी साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी सरांना चालायला लावलं, बोटांवर बोटं आपटायला लावली, एका दमात 'आ' म्हणायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, कंपवात आहे. हात तर थरथरत नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, सगळ्यांचा थरथरत नाही, कोणाचा आवाज आधी जातो, आणि माणसाला स्वतःला मात्र आपण ओरडतोय असंच वाटतं, आजारच तसा आहे. गोळ्या दिल्या. पोटातून दम घेऊन बोलायचा व्यायाम शिकवला. बरा होत नाही, हळू मात्र करता येतो, म्हणाले. सर विद्यार्थ्यासारखे मान डोलवत होते.

परतताना आंबेनळी घाटातून गाडी मीच उतरवली. विजेची गाडी उतारावर बॅटरी भरून घेते. एरवी सर मला स्क्रीनवर बॅटरीचा आकडा वाढताना दाखवायचे, आज त्यांनी तिकडे बघितलं नाही. एका वळणावर ते काहीतरी म्हणाले. मी सवयीने "हो" म्हटलं. ते खिडकीबाहेर दरीकडे बघू लागले. दोन वळणांनंतर पुन्हा काहीतरी म्हणाले. "हो, हो," मी म्हटलं, आणि माझं मलाच ते ऐकू आलं.

पोलादपूर खाली दिसायला लागलं तिथे रस्ता जरा रुंद आहे. मी गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, आणि त्यांच्याकडे वळून बसले.

"अहो, तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं. ओठ हलले, शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. मागून एसटी हॉर्न देत गेली. ती वळेपर्यंत मी थांबले.

"मोठ्याने बोला," मी म्हटलं. इतकी वर्षं बरोबर राहून हे मी त्यांना पहिल्यांदाच म्हणत होते.

सरांनी पोटावर हात ठेवला, डॉक्टरांनी शिकवला तसा दम घेतला, आणि म्हणाले, "मला भीती वाटतेय."

हेच ते घरात, गाडीत, जेवताना किती महिने म्हणत होते आणि मी त्याला किती वेळा हो म्हटलं, ते मला माहीत नाही.