आमच्या पैलवानाची बंदी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढं पुष्कळ झालं. आता सरळ घेते. केरबा. कोल्हापुरातल्या तालमींतून त्याचं नाव अजून निघतं, आणि सगळे एकच बोलतात : वस्तादाला देव मानणारा असा पट्ठा पुन्हा होणे नाही. बोलणाऱ्यांचं काय जातं? त्यांना त्याच्याशी संसार करायचा नव्हता, मला करायचा होता. म्हणून त्याची हकिकत मी सांगते, आणि ती गोड करून सांगेन अशी आशा कुणी ठेवू नये.

मी हुपरीची. आमच्या घरी पैंजणांचं काम चाले. बाप चांदी ओतायचा, आई आणि आम्ही बहिणी कड्या जुळवायचो. मला बघायला केरबाचे आईबाप आले होते, पण ते दाराशीच बसले. पुढे बसले हंबीरराव वस्ताद. गुलाबी फेटा, कानाची पाळी चुरगळलेली, आणि एकट्यानं अख्खी खाट अडवणारा देह. केरबा लहान असतानाच बापानं त्याला त्यांच्या तालमीत आणून सोडला होता, तेव्हापासून पोरगं त्यांचं. वस्तादांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पोरी, म्हशीची धार काढाय येती का?"

"येती," मी म्हटलं.

"मग बास झालं. पैलवानाच्या बायकोला आनि काय लागतंय?"

असं माझं लग्न ठरलं. केरबा सगळा वेळ मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, लाजतोय बिचारा. कशाचं लाजणं! वस्तादांसमोर तो मान वर करतच नसे, हे मला पुढं कळलं.

लग्नानंतर कुस्ती ठरली की तालमीतून निरोप यायचा, सूनबाईंना माहेरी धाडा. मोठी कुस्ती असली की माहेरपणही मोठं. हुपरीच्या एस.टी.तले कंडक्टर मला ओळखायला लागले. "काय वैनी, या टायमाला कुनासंगं लागलीया?" म्हणून विचारायचे आणि हसायचे. मला हसू येत नसे. माझ्या नवऱ्याला घरी कधी यायचं आणि बायकोशी कधी बोलायचं हे एक परका माणूस ठरवत होता, आणि नवरा त्याला पुण्याई म्हणत होता.

त्या तालमीची एक रीत होती. संध्याकाळची मेहनत झाली की वस्ताद स्वतःच्या हातानं एकेका पट्ठ्याला थंडाईचा पेला द्यायचे. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी; वस्तादांच्या घरी त्यांची बायको चिमणाबाई पाट्यावर वाटायची. पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, एका दमात संपवायचा, आणि आत काय आहे हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे वस्तादावर संशय. एका नव्या पोरानं फक्त वास घेऊन बघितला, तर त्याला चार दिवस मातीत उतरू दिलं नव्हतं. केरबा हे मला मोठ्या कौतुकानं सांगायचा.

दिल्लीतलं एशियाड होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. परदेशी जाणाऱ्या संघासाठी दिल्लीत निवड होती. केरबा तिथं गादीवर लढला आणि जिंकला. मातीतला गडी गादीवर जिंकला म्हणून तालमीनं हलगी वाजवत मिरवणूक काढली. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोलीस खात्यात खेळाडूंच्या जागेवर त्याला घ्यायचं जवळजवळ नक्की झालं होतं. कुस्ती तिशीला सोडून जाते. नोकरी जात नाही. मी क्वार्टरची स्वप्नं बघायला लागले होते.

दिल्लीची गंमत म्हणून त्यानं मला सांगितलं होतं, "खुळी मानसं हाईत बघ तितली. कुस्ती जिकली तर हार घालायचा सोडून बाटली हातात देत्यात. म्हनं, मूत द्या. मी म्हटलं, घ्या की, लई हाय."

त्याच बाटलीनं घात केला. महिन्याभरानं वर्तमानपत्रात चौकट आली, की कोल्हापूरच्या मल्लाच्या तपासणीत बंदी असलेल्या, अंगावर मांस चढवणाऱ्या गोळ्यांचा अंश सापडला. कुस्ती महासंघानं दोन वर्षांची बंदी घातली होती. ती पक्की करण्याआधी त्यांची शिस्तपालन समिती केरबाचं म्हणणं ऐकणार होती. गोळ्या दुसऱ्या कुणी नकळत दिल्या असं ठरलं, तर शिक्षा त्या माणसाला आणि खेळाडू मोकळा. बंदी कायम झाली तर मात्र नोकरीही गेली. डाग लागलेला गडी पोलिसांत कोण घेणार?

ज्यांनी मिरवणुकीत गुलाल उधळला होता तेच आता केरबाला बघून पानाच्या दुकानाशी कुजबुजायला लागले. कोल्हापूर असंच आहे. डोक्यावर घेतं तेव्हा मान मोडेस्तोवर घेतं, आणि आपटतं तेव्हा खाली काय आहे ते बघत नाही. पण सगळ्यांवर ताण केली हंबीरराव वस्तादांनी. त्यांनी सगळ्या तालमीदेखत केरबाचा लंगोट खुंटीवरून काढला आणि रस्त्यावर फेकला.

"तालमीचं नाक कापलंस रं, भाड्या! गोळ्या खाऊन कुस्ती? माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय."

केरबानं लंगोट उचलला, धूळ झटकली, उंबऱ्याला बाहेरूनच हात लावून नमस्कार केला आणि घरी आला. त्या दिवसापासून तो जेवायला बसे, पण ताटात हात फिरवून उठे.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तादांच्या घरी भांडायलाच गेले. वस्ताद नव्हते, चिमणाबाई होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा दंड धरला, स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"बने, वरडू नगंस. आदी ऐक. त्या गोळ्या मी वाटल्यात."

मला कळेचना.

"ह्या पाट्यावर, बदामासंगं. तुझ्या नवऱ्याचा पेला येगळा असायचा. ह्येंनी कुटनं तरी आनल्या. म्हनलं, ताकदीच्या हाईत, पोरगं दिल्लीला चाललंय, पोराला सांगू नगंस, भ्याला तर बाधत्यात. मला काय ठावं, बाई? मी आपली वाटत गेले."

"मग हे समितीफुडं सांगा की, काकी!"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "माझं कुंकू हाय गं ते. मी कशी सांगू?"

मला त्यांची कीव आली, आणि त्याच्या दुप्पट चीड आली. कुंकवाला जपायचं ते यांनी, आणि पोळायचं ते आमच्या पैलवानानं. घरी आले ती धावतच. वाटलं, हे ऐकून केरबा उडी मारेल. तो अंगणात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"पेला कडू लागत हुता. आदी कदी लागला न्हवता."

"मग प्यालास कशाला?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच वेडी. "वस्तादाच्या हातचा पेला कडू लागतोय म्हनून ठेवत्यात व्हय?"

"बरं, प्यालास. आता तरी खरं सांग. नोकरी चाललीया तुझी. नाव चाललंय."

"त्येंनी मला घडवलाय, बने. माझ्या बापानं सोडलं तवा त्येंनी पोटाला घातलं. त्येंचं नाव घिऊन मी सुटू?"

"त्येंनी तुझा लंगोट रस्त्यावर फेकला!"

"फेकनार की. त्येंचा हक्कच हाय त्यो."

त्या उत्तरावर मी हातातली घागर आपटली. तिला पोचा पडला, केरबाला काही झालं नाही. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो दगड वेगळा असावा.

समिती कोल्हापुरात आली आणि सरकारी विश्रामगृहात बसली. तीन माणसं होती. मधले साहेब लष्करातून निवृत्त झालेले, पुण्याचे, पांढऱ्या भुवयांचे. हंबीरराव वस्तादांनाही बोलावलं होतं. ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बाजूच्या खुर्चीवर बसले होते. बायकांना आत घेत नव्हते, पण मी शिपायाला म्हटलं, नवऱ्याची तब्येत बरी नाही, आणि दाराशी उभी राहिले. तब्येत बरी नव्हतीच. डोकं ठिकाणावर नव्हतं.

साहेबांनी चांगलं विचारलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणाले, "पैलवान, तुम्ही मातीतले आहात. या गोळ्या तुम्हाला कुठून माहीत असणार? कुणी दिल्या ते सांगा. तुम्हाला संधी देतो आहोत."

"मीच घेतल्या, साहेब."

"कुठल्या दुकानातून?"

"घेतल्या, साहेब."

"नाव काय गोळीचं?"

बदामाशिवाय केरबानं आयुष्यात काही विकत घेऊन खाल्लं नव्हतं, नाव कुठलं सांगणार? साहेबांनी शेजारच्यांकडं बघितलं. त्यांच्या ध्यानात येत होतं. एवढ्यात माझा धीर सुटला आणि मी आत शिरले.

"त्याला काय ठावं न्हाय, साहेब. गोळ्या ह्या वस्तादांनी थंडाईत वाटून घातल्या. ह्येंच्या घरात वाटल्या. मला तिथंच कळलं."

वस्ताद सावकाश उठले. राग नाही, काही नाही. मोठ्या माणसानं पोरीच्या खुळेपणाकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"साहेब, पोरीचं वय ल्हान हाय. नवऱ्याची नोकरी चालली म्हनून मनाला ईल ते बोलतीया. मी चाळीस वरसं तालीम चालवतोय. हाव सुटली पोराला, दुसरं काय?"

"तुमच्याकडे पुरावा आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

चिमणाबाईंचं नाव माझ्या ओठावर आलं. पण त्या नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. मग मला जे सुचलं ते आमच्या गावात कुणालाही सुचलं असतं. मी वस्तादांना म्हटलं, "हात ठेवा ह्येच्या डोस्क्यावर. पोटच्या पोरावानी वाढवलाय न्हवं? ठेवा हात आनि म्हना, मी दिल्या न्हाईत."

मला खात्री होती, खोट्या शपथेला हात उठणार नाही. पोरासारख्या माणसाच्या मस्तकावर हात ठेवून खोटं बोललं तर ते त्याच्या जिवावर येतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. जाणत्या माणसाचा हात अडखळेल, साहेबांच्या नजरेला ते पडेल, आणि आम्ही सुटू. एवढा भरवसा त्या माणसावर मी आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला.

हंबीरराव वस्ताद चार पावलं चालून आले. आपला रुंद पंजा त्यांनी केरबाच्या डोक्यावर ठेवला.

"मारुतीची आन. मी दिल्या न्हाईत."

आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या हाताखाली केरबानं डोळे मिटले. मग वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"पैलवान, तुमची बायको खोटं बोलते आहे का?" साहेबांनी शेवटचं विचारलं.

"व्हय, साहेब," केरबा म्हणाला. "डोस्कं फिरलंय तिचं. मनावर घिऊ नगा."

साहेबांनी बराच वेळ लेखणी कागदाला टेकवली नाही. त्यांना सगळं कळलं असावं, पण कळण्यावर निकाल देता येत नाही. बंदी कायम झाली. पोलीस खात्यानं पुढं कधी विचारलं नाही. आज तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर उसाच्या गाड्या लावतो आणि तालमीवरून जाताना चप्पल काढून हातात घेतो.

त्या दिवशी आम्ही विश्रामगृहाबाहेर आलो. केरबा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. मला वाटलं, उशिरा का होईना, नोकरीचं दुःख पोचलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तो हसत होता.

"बने, बघितलंस? वस्तादांनी डोस्क्यावर हात ठेवला. राग गेला बघ त्येंचा."

एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.